साहेबांचे केस आणि ब्राउझरचं कुलूप

आमचं ऑफिस जासईला, कंटेनर यार्डाच्या तोंडावर. बाहेर ट्रेलर तुंबतात, आत किस्से! त्यातही एका कुलपापायी इतके तुंबलेत की ट्रेलर परवडले.

सुरुवात आमच्या मालकांपासून, म्हणजे सावंत साहेबांपासून. एकदा ऑफिसातल्या कुलकर्णी मॅडम त्यांच्या कॉम्प्युटरवर बसल्या. 'केवायसी' शोधायला ब्राउझरमध्ये नुसतं 'के' टाइप केलं, तर खाली आपोआप आलं, 'केस पुन्हा उगवतात का?'

मॅडमना हसू आवरेना. साहेबांनी टकलावरून हात फिरवला आणि मला ऑर्डर सोडली, "आजच्या आज सगळ्यांच्या ब्राउझरला कुलूप लाव!" कॉम्प्युटरचं खातं माझ्याकडे ना!

मी म्हटलं, "साहेब, लिनक्स आहे, सगळा डेटा एन्क्रिप्ट करतो, म्हणजे पासवर्डशिवाय कोणालाच वाचता येणार नाही. पण पासवर्ड विसरलात तर मलासुद्धा उघडता येणार नाही."

"मग तुला पगार कशाचा देतो?"

लिनक्सच्या त्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाकताना काहीच उमटत नाही, साधी चांदणीसुद्धा नाही. साहेबांना वाटलं, कीबोर्ड मेला. त्यांनी तोच पासवर्ड तीनदा बडवला. कॉम्प्युटरने खात्रीसाठी पुन्हा विचारलं, तेव्हाही तीनदा! आता रोज सकाळी त्रिवार टाकतात. बदलून देतो म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे, सेफ आहे."

मॅडमचा पासवर्ड मात्र अख्ख्या ऑफिसला पाठ आहे. टाइप करताना त्या मोठ्याने म्हणतात. एकदा 'नाइन'वर अडल्या, तर दारातून वॉचमन ओरडला, "मॅडम, आता डॉलर!"

राहिले म्हात्रे काका. गावातलेच, कस्टमची कामं तेच बघतात. त्यांनी पासवर्ड ठेवला तोही मराठीत! एक दिवस काका भाचीच्या हळदीला नावड्याला गेले आणि इकडे कांद्याचा कंटेनर पोर्टच्या गेटवर अडकला. तो सोडवायला लागणारं कस्टमच्या पोर्टलचं लॉगिन फक्त काकांच्या ब्राउझरमध्ये. संध्याकाळी गेट बंद! जहाज चुकलं की कांदा सडणार आणि पार्टी कायमची तुटणार. साहेब घामाघूम. आणि कुलूप मीच लावलेलं!

फोन लावला. मागे बेंजो दणदणत होता.

"काका, ब्राउझरचा पासवर्ड काय?"

"कोनाला सांगू नको!"

"नाही सांगत, काका. आईशप्पथ! बोला."

"आरं, कोनाला सांगू नको!"

साहेबांनी फोन हिसकावला. "म्हात्रे, मी सावंत! मलापण नाही सांगणार?"

"सायेब, त्योच पासवर्ड हाय!"

मी घाईघाईत टाइप केलं, 'कोणाला सांगू नको'. उघडेना! पुन्हा केलं. उघडेना!

काका बेंजोच्या वर ओरडले, "आरं, नलातला न घाल! बानातला नको!"