पाठीवरचा फोटो

"आता दिसतोय का?" मी विचारलं.

"न्हाय की, मॅडम. कुटं हाय?" बिराप्पा स्टिअरिंगवर ओणवा होऊन काचेतून बघत होता.

दिवेलागण होऊन गेली होती. कारखान्याच्या मागच्या आवारात आम्ही तिघं टेम्पोच्या केबिनमध्ये दाटीनं बसलो होतो. स्टिअरिंगवर बिराप्पा, आमचा मंद्रूपचा ड्रायव्हर. मधे धाकटे मालक. खिडकीशी मी, सेफ्टी ऑफिसर. हेडलाइट चालू होता. समोर त्याच उजेडात आमचे जुने कामगार नरसय्या मामा सायकलवरून पाठमोरे चालले होते. अंगात कंपनीचं नवंकोरं सेफ्टी जॅकेट होतं आणि ते कुणालाच दिसत नव्हते.

मी हॉर्न द्यायला सांगितला. मामा परत आले. त्यांना मी दुसरं जॅकेट दिलं. हे मी आधी मागवलेलं सॅम्पल होतं, पिवळंधमक आणि पाठीवर दोन चंदेरी पट्ट्या. मामा पुन्हा तेवढेच लांब गेले.

"हां! आता दिसतंय की. पार लांबनं चमकतंय," बिराप्पा म्हणाला.

मी धाकट्या मालकांकडे बघितलं. त्यांनी जरा विचार केला.

"पण मॅडम, जवळ आल्यावर फोटो तर स्पष्ट दिसतो ना?"

फोटो त्यांचाच होता.

आमचा कारखाना चादरी आणि टॉवेलचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. निम्म्याहून जास्त कामगार सायकलनं येतात. पहिल्या पाळीला यायचं तर हिवाळ्यात अंधारातच निघावं लागतं. त्याच रस्त्यानं टेम्पो, ट्रक, उसाच्या ट्रॉल्या. सायकलला मागून धडक बसणं हा आमच्याकडचा नेहमीचा अपघात. ड्रायव्हरचं उत्तरही नेहमीचं असतं: दिसला नाही. लोकांना वाटतं तो खोटं बोलतो. बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो.

म्हणून मी जॅकेटं मागितली. त्यातल्या चंदेरी पट्टीला रिफ्लेक्टिव्ह टेप म्हणतात. तिला स्वतःचा उजेड नसतो. गाडीचा उजेड तिच्यावर पडला की ती तो आल्या वाटेनं परत पाठवते, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत. म्हणून ती पाठीवर हवी. धोका मागून येतो.

नरसय्या मामांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. उभी हयात लूमवर गेलेला माणूस. घरी तेलुगू, कारखान्यात त्यांचं स्वतःचं मराठी. ते कारखान्यातला रिजेक्ट झालेला पांढरा टॉवेल पाठीवर पसरून त्याची टोकं गळ्याशी बांधायचे आणि सायकलवर टांग मारायचे. पोरं चिडवायची, "मामा, आंघोळीला निघाला काय?" मामा म्हणायचे, "आंघोळ नंतर. आधी घरी पोचायचं हाय की."

जॅकेटांची मागणी लगेच मंजूर झाली. तिथेच मला शंका यायला हवी होती. एरवी साध्या हातमोज्यांसाठी मॅनेजर महिना महिना तंगवायचे. सेफ्टीला एवढ्या तातडीनं पैसे मिळाले, म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं. धाकटे मालक महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहणार होते.

जॅकेटं आली ती गडद निळी. त्यावर फोटो उठून दिसतो म्हणे. सगळी पाठ भरून हात जोडलेले धाकटे मालक, खाली 'आपली सुरक्षा, आपला माणूस'. पट्ट्यांना पाठीवर जागाच उरली नव्हती, म्हणून त्या छातीवर लावल्या होत्या. सायकलवर वाकलेल्या माणसाच्या छातीवरची पट्टी कोण बघणार? फार तर त्याचं हँडल.

हे पटवावं म्हणून मी त्यांना केबिनमध्ये बसवलं होतं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. खाली उतरताना म्हणाले, "तुमचा मुद्दा बरोबर आहे. निवडणूक झाली की बदलून टाकू."

"तोवर हिवाळा आहे, सर."

"मॅडम, माल छापून झालाय."

दुसऱ्या दिवशी गेटवर सूचना लागली. जॅकेट नसेल तर आत प्रवेश नाही.

मी सायकलवाल्यांना गाठून सांगितलं, जॅकेट घाला, पण वरून पांढरा टॉवेल बांधा. दोन-चार दिवस लोकांनी बांधला. मग एका सकाळी मामा मोकळ्या पाठीनं आले.

"मामा, टॉवेल कुठाय?"

"सुपरवायझर वरडतंय की मॅडम. मालकाचं तोंड झाकतो म्हणतंय." मग मलाच धीर दिल्यासारखं हसले. "राहू द्या. कंपनीनं दिलं म्हणजे चांगलंच असेल की."

मी तडक मॅनेजरकडे गेले. ते म्हणाले, "तुम्ही उगाच बाऊ करताय. आता प्रत्येकाला जॅकेट आहे. आधी काय होतं?"

आधी टॉवेल होता. हे मी त्यांना सांगितलं. ते हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

अपघात झाला तेव्हा उजाडायचं होतं. बिराप्पा सुताच्या गाठी भरून येत होता. समोरून उसाची ट्रॉली आली, हेडलाइट अप्पर. समोरचा उजेड असा डोळ्यांवर आला की काही क्षण माणूस आंधळाच होतो. बिराप्पानं वेग कमी केला आणि गाडी डावीकडे घेतली. ड्रायव्हर हेच करतो. डावीकडे मामा होते.

त्यानंच मामांना उचलून सिव्हिल हॉस्पिटलला नेलं. मी पोचले तेव्हा तो बाहेर पायरीवर बसला होता. शर्ट रक्तानं भरलेला.

"मॅडम, मी तवाच बोललो हुतो. मालक शेजारी बसलं हुतं. बोललो हुतो का न्हाय?"

"बोलला होतात."

"मग मला का धरत्यात?"



मामांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लूमचं काम उभ्यानं, पाळीभर या मागावरून त्या मागावर फिरत करायचं असतं. ते संपलं. त्यांची बायको घरी विड्या वळते. आता मामा तिच्या शेजारी बसून पानं कापतात.

कंपनीच्या चौकशीत मी अपघाताचं कारण जॅकेट असं लिहिलं. मॅनेजरनी मला बोलावलं.

"ड्रायव्हरचा निष्काळजीपणा असं लिहा."

"तो निष्काळजी नव्हता. त्याला दिसलं नाही. दिसणार नाही हे आपल्याला माहीत होतं."

"कामगारानं जॅकेट घातलं होतं की नव्हतं?"

"घातलं होतं."

"कंपनीनं दिलं होतं की नव्हतं?"

"दिलं होतं."

"मग कंपनीचं काय चुकलं?"

मी कारण बदललं नाही. आठवड्याभरात बाहेरून कुणी सल्लागार आणला, त्यानं 'ड्रायव्हरचा निष्काळजीपणा' लिहून सही केली. बिराप्पाला कामावरून काढलं. पोलिसांना मी केबिनमधली सगळी हकिकत सांगितली. हवालदारानं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "मॅडम, गाडी कोण चालवत होतं तेवढं सांगा." बिराप्पाची केस अजून चालू आहे. मी राजीनामा दिला. कुणी अडवलं नाही.

धाकटे मालक निवडून आले.

गेल्या महिन्यात त्यांच्या ऑफिसातून फोन आला. प्रभागात सायकल सुरक्षा सप्ताह आहे, तुम्ही अनुभवी, बोलायला या. मी म्हटलं, येते, पण आधी ड्रायव्हर आणि सायकलवाले दोघांना बोलवा, अंधार पडल्यावर एक टेम्पो उभा करा. पलीकडचा मुलगा गोंधळला.

"नाही मॅडम, कार्यक्रम सकाळी अकराला आहे. सायकलवाल्यांनी काय काळजी घ्यावी, एवढंच बोलायचंय. नंतर साहेबांच्या हस्ते जॅकेट वाटप."

मी फोन ठेवला.

नवीन नोकरीत मला सेफ्टीचं कुठलंही साधन दाखवलं, की मी एकच विचारते: यात दिसायचंय कोणाला? लोकांना वाटतं, बाईंचा स्वभाव तिरकस आहे. असू दे.