हॉर्न वाजवू नको, मामा

आम्ही म्हैसूरचे मराठे. वाडवडील कुठल्याशा राजाच्या फौजेत होते म्हणून इकडं आले, असं घरात सांगतात. माझ्या वाट्याला घोडा काही आला नाही, लॉरी आली. तीही दुसऱ्याची. कुवेंपुनगरच्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रातून बाटल्या, पुठ्ठे, डबे भरायचे आणि बोगादीच्या पुढं कारखान्याच्या गोदामात नेऊन उतरवायचे, हे माझं काम. लोक त्याला कचरा म्हणतात. म्हणू देत. त्याच कचऱ्यावर माझ्या दोन्ही पोरींची लग्नं झाली.

बोगादीत रस्त्यालगतच माझ्या अक्काचं घर. आई गेली तेव्हा मी रांगत होतो, अक्कानंच मला वाढवलं. ती मला तम्मा म्हणते. धाकट्या भावाला म्हणायचा कन्नड शब्द, पण आमच्या घरात तो कधीच मराठी झालाय. दुपारी भरलेली लॉरी तिच्या दारात आली की मी दोनदा हॉर्न द्यायचो आणि ती आतून ताट घेऊन यायची. नाचणीच्या उकडीचा गोळा, ज्याला इकडं मुद्दा म्हणतात, कुळथाचं सारू, कधी पालेभाजी. पायरीवर बसून मी जेवायचो आणि ती माझी खरडपट्टी काढायची. केस काप, बायकोशी नीट बोलत जा, इतकं तिखट खाऊ नको. तिखट घालायची तीच.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग एकदा आपल्याच मुलाला तिनं ‘कोण हवंय?’ म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. पण माझा हॉर्न ऐकला की ती उठायची, ताट वाढायची आणि दारात येऊन म्हणायची, ‘तम्मा, उशीर केलास काय रे?’ भाचा म्हणायचा, मामा, दिवसभरात तेवढा वेळ ती आमची असते. खरं सांगतो, मला त्याचा गर्व वाटायचा.

त्याच सुमारास महापालिकेचा नियम आला. काही दीडशहाण्या ड्रायव्हरांनी न खपणारं प्लास्टिक वाटेत ओढ्याकाठी ओतलं होतं, काहींनी चांगला माल मध्येच विकला होता. नियम व्हायलाच हवा होता, मी स्वतः त्या लोकांना शिव्या घातल्यात. ताडपत्री बांधा, बरं. वजन दोन्हीकडं करा, बरं. पण केबिनमध्ये गाडी कुठं थांबते ते कळवणारं एक यंत्र बसवलं आणि सांगितलं, भरलेली गाडी वाटेत कुठंही थांबवायची नाही. परत येतानाही ठरलेल्या रिंगरोडनंच यायचं. थांबलात की फोन येणार, पुन्हा थांबलात की परवाना गेला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, दुसरं काय.

मी पालिकेतल्या साहेबांकडं गेलो. माणूस वाईट नव्हता, खुर्ची दिली. म्हटलं, सार, अक्काच्या दारात दहा मिनिटं जेवायला द्या, पाहिजे तर तुमचा माणूस गाडीत बसवा. ते म्हणाले, ‘तुम्हाला दिलं, तर उद्या प्रत्येक ड्रायव्हरला वाटेत एक अक्का निघेल.’ मी खुर्ची सारून उठलो. त्यांचं चुकत नव्हतं, आणि त्याचाच राग अजून येतो.

मग मी नुसता हॉर्न देऊन पुढं जायला लागलो. म्हटलं, आवाज तरी कानावर पडू दे. कुठून ही अक्कल सुचली कोण जाणे. आठवड्याच्या आत भाच्याचा फोन आला. ती ताट घेऊन लॉरीमागं धावली होती, भर रस्त्यात. बसवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला म्हणून वाचली. भाचा रडतच होता. ‘हॉर्न वाजवू नको, मामा. पाया पडतो तुझ्या.’

दुसऱ्या दिवसापासून मी मुकाट्यानं जाऊ लागलो. ती पायरीवर बसलेली दिसायची. गाडीकडं बघायची, पण नुसतीच.

संध्याकाळी स्कूटरवरून जा की, त्यात काय मोठं, असं बायको म्हणाली. मलाही तसंच वाटलं होतं. गेलो. अक्का म्हणाली, ‘या, बसा.’ सुनेला कॉफी टाकायला सांगितलं. तुम्ही कुणाकडचे, म्हणून विचारलं. मी म्हटलं, अगं अक्का, मी तम्मा. ती हसली, आल्यागेल्याशी हसतात तशी. म्हणाली, ‘नाही हो, तो लॉरी घेऊन येतो.’

मग लॉरीच न्यायची ठरवली. मालक आधी कां कूं करत होता, त्याचं मन वळेपर्यंत दसरा उलटून गेला. शेवटी एका रविवारी त्यानं रिकामी गाडी दिली. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या गाडीला कुणी विचारत नाही. अक्काच्या दारात उभी केली आणि दोनदा हॉर्न दिला. ती आली. हातात ताट, चेहरा उजळलेला, भाच्यानं दंड धरलेला. मला वाटलं, ओळखलं. मी घाईघाईनं खाली उतरलो. ती माझ्या बाजूनं पुढं गेली आणि टाचा उंचावून केबिनमध्ये डोकावली. मग माझ्याकडं वळली.

‘तुम्ही नवे ड्रायव्हर काय हो? माझा तम्मा कुठाय?’

भाच्यानं तोंड फिरवलं. मी म्हटलं, ‘मागून येतोय.’

ती रस्त्याकडं बघत उभी राहिली. ताटातलं सारू सांडत होतं, तिचं लक्ष नव्हतं. जरा वेळानं माझ्याकडं बघून म्हणाली, ‘जेवलात काय? तोंड उतरलंय तुमचं.’

नाही, म्हटलं.

तिनं ताट आणखी जवळ ओढून धरलं. ‘हे नाही देता यायचं. हे त्याचं आहे. तुम्हाला आत सून वाढेल.’

मी आत गेलो. सुनेनं वाढलं ते खाली मान घालून जेवलो. अक्का बाहेर रस्त्यावरच उभी होती, माझं ताट घेऊन.