घुबडाची दिवसपाळी

अकरा वर्षं स्वतःहून रात्रपाळी मागणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. इस्पितळाच्या लाँड्रीत पाळ्यांचा तक्ता मी लावते. रात्रीचं नाव काढलं की बायकांना एकदम पोरांच्या परीक्षा नि सासूचे गुडघे आठवतात. ही इस्त्रीवाली मात्र सणासुदीलाही रात्रच मागायची. आम्ही तिला घुबड म्हणायचो. ती हसून चादरींच्या घड्या घालत राहायची.

एकदा तिचे डोळे फारच ओढलेले दिसले, म्हणून मी न विचारता तिला दिवसपाळी लावली आणि वर उपकार केल्याचा तोरा मिरवला. तक्ता वाचून तिनं मला हाताला धरून बाजूला ओढलं. मग धुण्याच्या ढिगाआड तिनं सांगितलं. नवरा दिवसा कामावर; बिछान्यात एकत्र यायची वेळच येऊ नये म्हणून ही रात्री बाहेर. तिचं ‘नको’ त्यानं कधीच ऐकलं नव्हतं. सुट्टीच्या रात्री मात्र सुटका नसायची.

आणि मी काय बोलले? ‘अगं, नवराच आहे ना.’ जीभ झडायला हवी होती माझी. तक्ता मी मुकाट्यानं बदलला, पण तोंडातून गेलेलं परत थोडंच येतं.

दोन वर्षांनी, इतके दिवस नुसती चर्चाच चाललेला तो कायदा एकदाचा बदलला. लग्न झालंय म्हणून जबरदस्ती माफ नाही. पेपर तिच्यापुढे ठेवून मी माझी चूक कबूल केली. पुढच्याच सुट्टीला त्यानं पुन्हा तेच केलं, तेव्हा ती थेट माझ्या दारात आली आणि आम्ही दोघी चौकीत गेलो. तिचा दीर घरातलं घरात मिटवा म्हणत आला होता. त्याला मी असं झाडलं की पुन्हा फिरकला नाही. पण कोर्ट तिचं खरं मानेल का, या धास्तीनं आम्हाला घास गोड लागेना.

त्याच्या वकिलानं विचारलं, इतकी वर्षं गुण्यागोविंदानं नांदलात, मग आत्ताच कसं आठवलं? तेव्हा साक्षीला उभ्या असलेल्या मी माझे अकरा वर्षांचे तक्ते पुढे केले; रात्र न् रात्र तिनं स्वतःहून मागितलेली. न्यायाधीशबाई पान न् पान उलटत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, ‘याला नांदणं म्हणत नाहीत.’

त्याला शिक्षा झाली, घर तिच्याकडे राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं दिवसपाळी मागितली. रात्रीला बाई मिळेना, म्हणून महिनाभर मीच उभी राहिले आणि कुरकुरलेही.

दिवसपाळीच्या पहिल्याच दिवशी ती तासभर उशिरा आली. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ.

‘झोप लागली होती, ताई,’ ती म्हणाली.

मी लेट मार्क लावला नाही. मोरीत जाऊन पोटभर रडले, आणि इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.