बटणावरची पांढरी रेघ

आमचे चाचा रागावले की भांडत नसत. भिंतीला तळहात लावून उभे राहत आणि म्हणत, "भाऊ, आवाज तुमचा, पण भिंत दोघांची."

पिंपरीच्या चाळीत आमच्या खोल्या लागून होत्या. चाचा कंपनीत वायरमन, बहुतेक तिसऱ्या पाळीला. चाळीचा रिवाज असा, की रात्रपाळी करून आलेल्यानं दाराच्या कडीला रुमाल बांधायचा आणि तो दिसला की बाकीच्यांनी रेडिओ बारीक करायचा. मी रिवाज मोडणारा माणूस नाही. दुपारी कामावरून आलो की रुमाल बघूनच बटण फिरवायचो. तरी बायको म्हणायची, "अहो, केवढ्यानं!"

मी चौथी नापास, पण तापलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर माझ्या तोडीचा गडी खात्यात नव्हता. त्या हॅमरनंच माझे कान खाल्ले. साहेबाला कळतं तर मला तिथून काढून झाडलोटीला लावलं असतं. म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

एका दुपारी चाचा दारात आले, डोळे तांबडेलाल. मीच आधी चढलो. "रुमाल बघूनच बारीक केलाय, चाचा!"

ते पाठ करून वाकले, चप्पल काढली, मग वळून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "भाऊ, आत्ता मी शिवी हासडली तुम्हाला. तुमच्यासारखा तापट माणूस गप कसा बसला?"

हे समोरून बोलले, म्हणून कळलं. मी मान खाली घातली.

रविवारी ते पक्कड घेऊन आले. रेडिओचा स्पीकर काढून त्याला लांब वायर जोडली आणि तो माझ्या उशाशी, गोधडीच्या घडीवर ठेवला. बायकोला त्यांच्या खोलीत पाठवलं. "वहिनी, आवाज आला की भिंत ठोका." मग ते बटण हळूहळू वाढवत गेले. ठोका मला ऐकू आला नाही, चाचांना आला. तिथंच त्यांनी बटणावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. "हिच्या आत तुमचं, हिच्या पुढं चाळीचं."

चाळीत कुणी विचारलं तर चाचा सांगत, "भाऊंचा स्पीकर बिघडला होता." मी हॅमरवरूनच निवृत्त झालो.

पुढे चाचा राजगुरुनगरला घर बांधून गेले. पलीकडं कुलूप लागलं. बायको म्हणाली, "आता वाढवा की थोडा. ऐकायला कोण बसलंय?"

मी बटणाला हात घातला. दुसऱ्या हाताचा तळवा भिंतीला लावून बघितला. रेघ आली, तिथं थांबलो.