लाटेची वाट पाहणारे दोघे

सोयाबीन घरात आलं होतं, तूर शेतात उभी होती, आणि आम्ही दोघे अनसिंगहून सायकलींवर समुद्राकडे निघालो. मित्राने मोबाईलवर कुणालातरी फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येताना पाहिलं होतं. तेव्हापासून त्याचं शेतात चित्त नव्हतं. आमचा करार साधा होता. मी त्याच्यासोबत समुद्रापर्यंत यायचं, आणि परतल्यावर त्याने माझ्यासोबत गावात वाचनालय उभं करायचं.

तो जमीनवाल्या घरातला, मी बौद्ध घरातला. त्यांच्या विहिरीवर माझ्या आजोबांना ओंजळीत वरून पाणी घातलं जायचं. मी त्याच विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलो. माझ्या घरी याचं कौतुक झालं नाही. हक्काच्या गोष्टीचं कसलं कौतुक, असं वडील म्हणायचे. ते आयुष्यभर पत्रकं छापून वाटत आले. मी मुळाक्षरंसुद्धा त्या पत्रकांवरच गिरवली.

त्यामुळे माझ्या सायकलच्या कॅरिअरवर कपड्यांपेक्षा पत्रकांचा गठ्ठा मोठा होता. मजकूर माझा होता: जन्माने दिलेल्या जागेला माणूस बांधलेला नाही. हिंगोली, परभणी, पुढे सोलापूर, जिथे चहाला थांबलो तिथे मी ती वाटली. एका टपरीवाल्याने लगेच त्यात भजी बांधून दिली. मित्र हसून लोळला. "तुह्या क्रांतीले तेल लागलं बे," म्हणाला.

संध्याकाळी जे गाव लागेल तिथलं बुद्धविहार शोधायचं, जय भीम म्हणायचं, की सतरंजी पडायची आणि कुणाच्या तरी घरून भाकरी यायची. सुरुवातीला मित्र माझ्या मागे उभा राहून पुटपुटायचा. कोल्हापूरच्या अलीकडे तर तोच आधी जय भीम घालू लागला आणि भाजी दुसऱ्यांदा मागू लागला. गगनबावड्याच्या घाटात खाली उतरताना ब्रेक दाबून बोटं बधिर झाली. मग वारा दमट लागू लागला, आणि मित्र जोरात पायडल मारू लागला.

मालवणजवळ एका कोळ्याच्या तरुण मुलाने आम्हाला फळीवरून लाट पकडायला शिकवायला घेतलं. आम्ही छाती ठोकून सांगितलं की आम्हाला पोहता येतं. त्याने फळ्यांवर पालथं झोपवलं, लाट आली की हात मारा म्हणाला. लाट आली, गेली. दुसरी आली, गेली. आम्ही दोघे शांत पडून. शेवटी त्याने ओरडून विचारलं, कशाची वाट बघताय? मित्र अगदी गंभीरपणे म्हणाला, "पानी थांबू द्या ना भाऊ."

विहिरीत आमचा नियमच होता. एकाने उडी मारली की पाणी निवळेपर्यंत दुसऱ्याने काठावर थांबायचं, नाहीतर खालच्याच्या डोक्यावर पडायचं. तो नियम आम्ही समुद्राला लावत होतो. शिकवणारा पोट धरून हसला. मग म्हणाला, हे काय थांबणार नाय.

मी रोज नाकातोंडात पाणी घेऊन बाहेर यायचो. मित्र मात्र एका सकाळी उभा राहिला. गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, तोंड उघडं. लाटेने त्याला थेट वाळूपर्यंत आणलं. तो उतरला, मागे वळून पाण्याकडे बघत राहिला, आणि फळी उचलून पुन्हा आत शिरला.

परतीच्या तयारीला लागलो तेव्हा त्याने सांगितलं की तो येत नाही. शिकवणाऱ्याला हाताखाली माणूस हवा होता. मी चिडलो. वाचनालय, दिलेला शब्द, गावातून शिकलीसवरलेली पोरं अशीच निघून गेली तर मागे काय उरेल, सगळं ऐकवलं. वाळूत उभा राहून मी भाषण दिलं. त्याने ते पूर्ण ऐकून घेतलं.

"तूच त लिहिलं ना बे, माणूस बांधलेला नाही म्हून," तो म्हणाला. "भज्याच्या कागदावर नाही वाचलं मी. नीट वाचलं."

लिहिलेलं मी खरं मानत होतो. पुन्हा चल म्हणालो नाही. माझी सायकल एसटीच्या टपावर त्यानेच बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

वाचनालय मी सुरू केलं. समाजमंदिराच्या बाजूच्या खोलीत पोरं वाचायला बसतात. रविवारी त्याचा फोन येतो. तो लाटांचं सांगतो, मी तुरीचं सांगतो, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ माझ्याने दुसरं काही होत नाही.

त्याची आई मला रस्त्यात अडवते. "तू नेलं, तूच आन त्याले," म्हणते. मी प्रत्येक वेळी तिच्याशी वाद घालतो. त्याचं आयुष्य आहे काकू, त्याला ठरवू द्या. परवा तिने वाद घातला नाही. ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि विचारलं, "तुले नाही वाटत काय बाप्पा, त्यानं यावं?"

"वाटते, काकू."

"मंग सांग ना त्याले."

मी चहा संपवला. कप विसळून पालथा ठेवला. ती उत्तराची वाट बघत होती. नाही सांगणार, असं मी म्हणालो, आणि मी बोलावलं तर तो शब्दाला बांधला जाऊन येईल, हे तिला समजावून सांगणं मला जमलं नाही.