मोठा कंडेन्सर

शेळगावच्या साखरबाईचा नवरा गेला तेव्हा डाळिंबाची बाग फळाला आली होती. विहीर तिची आणि दिराची सामाईक, मोटारी वेगळ्या. दीर दादासाहेब तेराव्यालाच म्हणाला होता, "वैनी, बाईमाणसाला मोटार कळत न्हाय. रान मला करायला द्या."

तिनं दिलं नाही. पुढच्या वर्षी ऐन बहरात तिची मोटार नुसती घूं करून थांबायला लागली. नवा कंडेन्सर बसवला की काही दिवस पाणी यायचं, मग पुन्हा घूं. शेवटी मोटार जळाली आणि फुलं गळून झाडांखाली लाल सडा पडला.

मोटारीत नवी वायर भरून आणल्यावर तिनं नव्या कंडेन्सरवर खिळ्यानं फुली ओढली. मोटार पुन्हा अडली तेव्हा दादासाहेब लग्नाला बारामतीला गेला होता. तिनं विहिरीवरची त्याच्या मोटारीची स्टार्टरची पेटी उघडली. फुलीचा कंडेन्सर तिथं बसलेला होता, आणि त्याचा फुगलेला, मेलेला कंडेन्सर तिच्या पेटीत. ती दोन्ही पेट्या होत्या तशा मिटून एसटीनं इंदापूरला मोटारी भरणाऱ्या आबाजी मिस्त्रीकडं गेली.

"आबाजीभाऊ, ह्यो डबा नेमकं करतो काय?"

"ताई, दिवसा आपल्याला दोनच फेज मिळत्यात. तिसऱ्याची उणीव ह्यो भरून काढतो. बॅटरीचा करंट एकाच दिशेनं जातो, त्याला ह्यो एकदा भरला की अडवतो. पण लायनीचा करंट सारखा उलटसुलट फिरतो. मग ह्योबी भरतो, रिकामा हुतो, परत उलटा भरतो. त्यानं करंट दाबाच्या, म्हंजी व्होल्टेजच्या, जरा पुढं धावतो. त्या पुढं धावण्यानंच मोटारीला फिरायला धक्का मिळतो."

"आन् लय मोठा बसवला तर?"

"जेवढा मोठा, तेवढा जास्त करंट सोडतो. मोटार जोरात सुटंल, पण आतली वायर तापून जळंल."

"किती वेळात?"

आबाजीनं मान वर केली. "ताई, तुमच्या मोटारीला नगा लावू."

"माझ्या न्हाय लावत," साखरबाई म्हणाली आणि फळीवरचा सगळ्यात मोठा कंडेन्सर मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिनं तो पेटीत नुसता ठेवला, वायर जोडली नाही. मग बांधावर उभी राहून बहिणीशी फोनवर मोठ्यानं बोलली, "मोठा कंडेन्सर आणलाय गं औंदा! उद्या लावला की धार अशी पडंल, पाट फुटंल!" पलीकडं दादासाहेब वाफे ओढत होता. त्याचं खोरं थांबलेलं तिनं पाहिलं.

सकाळी पेटी रिकामी होती. तिनं वाट पाहिली. दादासाहेबाची मोटार झोकात सुरू झाली, पाण्याची जाड धार पडली, आणि तो बागेच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. दुपारपर्यंत विहिरीवर जळक्या वार्निशचा वास सुटला. साखरबाई कडुलिंबाखाली बसून तो वास मनसोक्त घेत राहिली.

दादासाहेब धावत आला. आजूबाजूची माणसंही जमली. पेटीतला कंडेन्सर हातात घेऊन तो ओरडला, "वैनी, ह्यो कसला कंडेन्सर आणलाता तुमी?"

"मी माझ्या पेटीत ठिवलाता, भावजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुमच्या पेटीत कसा गेला?"

कुणीतरी हसलं. दादासाहेबानं कंडेन्सर पेटीत टाकून झाकण लावलं. चोरी कबूल केल्याशिवाय त्याला एक शब्दही बोलता येत नव्हता.

मोटार भरून यायला वेळ लागला. त्याच्या झाडांची फुलं गळू लागली तेव्हा जाऊ रेश्मा बांधावर आली. डोळे सुजलेले. "आक्का, गुरं तहानल्यात."

साखरबाईनं नव्या, बेताच्या कंडेन्सरवर आपली मोटार चालू केली आणि गुरांची टाकी काठोकाठ भरून दिली.

"आन् बागंला? एक पाळी तरी?"

"माझी फुलं गळली तवा तू बी बांधावर हुतीस, रेश्मा," ती म्हणाली आणि बटण बंद केलं.