जगदेवीनं डाग देऊ दिला नाही

मुरुमच्या बाजारात वीरभद्रचं कापडाचं दुकान होतं. सकाळी उपाशीपोटी घर सोडायचं, दिवसभर चहावर काढायचा आणि दिवेलागणीला तिखटजाळ कालवणाशी चार भाकरी चुरायच्या, ही त्याची जुनी रीत. पोट साफ होईना म्हणून एका फिरत्या वैदूची काळी पूडही तो रोज घ्यायचा.

"आवं, सारखं कसलं औषध?" बायको जगदेवी विचारायची.

"झाडपाल्याचं हाय. त्यानं काय व्हतंय?"

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात त्याची अन्नावरची वासना उडाली. एका सकाळी तो तोंड धुताना जगदेवीनं पाहिलं, तर त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे.

"कावीळ! डाग देणाऱ्याला बोलवा," सासू शरणम्मा म्हणाली.

जगदेवीच्या सख्ख्या भावाला असाच तापल्या सळईचा डाग दिला होता. जखम चिघळून तो गेला.

"आत्याबाई, डाग न्हाय. उमरग्याच्या हकिमाकडं नेते."

"वाटंवर रझाकार हायत! लेकाला काय झालं तर?"

"हितंच काय झालं तर?"

जगदेवीनं गडी गुंडाप्पाला बैलगाडी जुंपायला लावली. वाटेत घोड्यांच्या टापा ऐकल्या की ती नवऱ्याच्या अंगावर चादर ओढायची आणि टापा दूर जाईपर्यंत ती तशीच धरून ठेवायची. एकदा स्वार गाडीला घासून गेले. थांबले मात्र नाहीत.

हकीमसाहेबांनी पोट दाबून पाहिलं, उजव्या बरगडीखाली वीरभद्र कळवळला.

"जिगर, म्हणजे यकृत, सुजलंय. काय काय खाता?"

जगदेवीनं सगळं सांगितलं, पूडही दाखवली. हकीमसाहेबांनी ती हुंगली, चिमटीत चोळली.

"यात काय आहे, खुदा जाणे. आजपासून बंद. पाणी उकळून, जेवण वेळेवर, तिखट-तेल नको."

"वाचतील ना?"

"जिगर सोसतं फार, बेटी. यानं किती सोसलंय, ते पुढंच कळेल."

ते ऐकून तिची झोपच गेली. आंबील, मऊ भात, ताक एवढ्यावर तिनं त्याला ठेवलं. महिना उलटला तरी लघवी पिवळीच होती. शरणम्मा रोज डागाचा विषय काढायची आणि आपणच नवऱ्याला मारतोय की काय, या विचारानं जगदेवी चुलीपाशी रडायची.

श्रावणात एके दिवशी वीरभद्रनं आपणहून भाकरी मागितली. शरणम्मानंच ती थापली.

तो जगला, पण पहिली ताकद आली नाही. कापडाचे तागे आता गुंडाप्पा उचलायचा. दुपार झाली की जगदेवी डबा घेऊन स्वतः दुकानात जायची. पेठेतली माणसं हसायची. गिऱ्हाईक ताटकळलं तरी, नवऱ्याचं जेवण होईपर्यंत ती कापड मोजायचा गज स्वतःच्या हातात धरून बसायची.